घाटाखालचा एक विसर्जित मतदारसंघ

बुलढाणा जिल्ह्यात परक्या माणसाची गाठ पडली म्हणजे गाव आणि तालुका विचारण्याच्या आधी, घाटावरचे की घाटाखालचे, हा प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरून अर्धी ओळख पटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत की, एका कलेक्टरच्या हुकमतीखाली दीर्घकाळ राहूनही त्यांचे पाणी, पीक, बाजार आणि सोयरीक यांचे मार्ग बरेचसे निराळेच राहिले. मोगली दप्तरात वऱ्हाड सुभ्याची बालाघाट आणि पाईनघाट अशी जी वाटणी होती, तीच येथे बोलीभाषेत टिकून राहिली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावर; मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे घाटाखाली, पूर्णा नदीच्या काळ्याभोर खोऱ्यात. मोताळा तेवढा चढणीच्या पायथ्याशी, दोन्हींकडे तोंड करून बसलेला.

या घाटाखालच्या मुलखात शेगाव तालुक्यातील जलंब हे एक गाव आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक आणि तेथून खामगावकडे फुटणारा सुमारे तेरा किलोमीटरांचा फाटा, एवढ्यावरच त्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख संपते. इंग्रजी अमलापासून आजतागायत येथे तहसील कचेरी नव्हती, मुन्सफाचे न्यायालय नव्हते, नगरपालिका नव्हती. तरीसुद्धा महाराष्ट्र विधानसभेच्या सभागृहात 'जलंब' हे नाव एका सभासदाच्या आसनाला वर्षानुवर्षे जोडलेले होते, आणि २००४ ची निवडणूक ही त्या नावाने झालेली अखेरची निवडणूक ठरली. पुढच्या निवडणुकीत मतदार तेच होते, मतदान केंद्रेही बहुतेक त्याच शाळांच्या खोल्यांत होती. मात्र जलंब नावाचा मतदारसंघ अस्तित्वात राहिला नव्हता.

राज्यकारभाराचे जेवढे म्हणून घटक आपल्याला ठाऊक आहेत, त्यांत मतदारसंघाइतका निराधार घटक दुसरा नसेल. परगणा मोडला तरी त्याची कसब्याची गढी मागे राहते, देशमुखी गेली तरी वतनाचे कागद घरच्या पेटीत राहतात, तालुका दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी त्याची कचेरी, तिजोरी आणि फेरफाराची नोंदवही जागच्या जागी असते. मतदारसंघाला स्वतःची इमारत नाही, मोहोर नाही, कायमचा अंमलदार नाही. निवडणुकीपुरता एक निर्णय अधिकारी नेमला जातो आणि निकाल लागला की तो आपल्या मूळच्या कामाला परत जातो. त्यामुळे असा मतदारसंघ बरखास्त झाला म्हणजे त्याच्या अवशेषांचा शोध जमिनीवर घेण्यात अर्थ नसतो. त्या जमिनीवर कोणाकोणाची सत्ता येऊन गेली आणि तिने येथील रयतेला मताचा अधिकार कोणत्या रूपाने दिला, याचाच वृत्तान्त पाहावा लागतो. वऱ्हाडाच्या बाबतीत हा वृत्तान्त हिंदुस्थानातील बहुतेक प्रांतांहून अधिक वाकडातिकडा आहे.

त्याचे मूळ याच जिल्ह्याच्या घाटावरच्या बाजूस सापडते. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्काने बादशाही सुभेदार मुबारिझखान याचा पराभव करून त्याला ठार केले. दक्षिणेतील निजामाची स्वतंत्र सत्ता तेव्हापासूनची मानली जाते, आणि विजयाच्या स्मरणार्थ त्या गावाला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. त्या विजयाने जो वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला, तो त्याच्या वंशजाने १८५३ च्या तहान्वये कंपनी सरकारच्या हवाली केला खरा. परंतु तो फौजेच्या खर्चापोटी लावून दिलेला मुलूख होता, खालसा झालेला नव्हे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला. इंग्रजांनी महसूल वसूल केला, शाळा काढल्या, सडका बांधल्या, फाशीच्या शिक्षाही दिल्या. पण मुलकाचे स्वामित्व कागदोपत्री हैदराबादच्याच नावावर राहिले.

या कागदी स्वामित्वाचा निवडणुकीशी आलेला संबंध फार मौजेचा आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी घ्यावयाचे ठरले, तेव्हा वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथील मतदारांनी निवडलेला सभासद कायद्याच्या दृष्टीने 'निवडून आलेला' म्हणता येईना. मग अशी तोड काढण्यात आली की, वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावी, मते मोजावीत, विजयी उमेदवार जाहीर करावा, आणि त्यानंतर गव्हर्नराने त्याच गृहस्थाची सभासद म्हणून नेमणूक करावी. मध्यवर्ती कायदेमंडळातही हीच रीत होती. लोकनायक बापूजी अणे तेथे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत, ते या नियुक्तीच्या आडवाटेनेच. मलकापूरच्या किंवा मेहकरच्या त्या काळच्या मोजक्या मतदारांनी दिलेला कौल लाटसाहेबांच्या सहीवाचून अपुरा राहत असे, याचे कारण शोधू गेल्यास दोनशे वर्षांमागच्या साखरखेर्ड्याच्या रणभूमीवर जाऊन पोहोचावे लागते. इतिहासाचा हा लांबचा हात पाहून मला तर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा बखरीच अधिक सुबोध वाटू लागतात.

१९३५ च्या कायद्याने हा पेच सोडविला, पण तोही निजामाची प्रतिष्ठा सांभाळूनच. १९३६ च्या करारात निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' व त्याच्या थोरल्या पुत्राला 'वऱ्हाडचा राजपुत्र' असे किताब मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कारभार एकच प्रांत मानून चालविण्यास मान्यता मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत एकशे बारा सभासदांचे विधिमंडळ नागपुरात आले, काँग्रेसला बहुमत मिळाले आणि डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. मताधिकार मात्र जमीनसारा, कर आणि शिक्षण यांच्या चाळणीतूनच होता. घाटाखालच्या खेड्यात ज्याच्या नावावर बऱ्यापैकी सारा असे त्याचे नाव यादीत असे, आणि त्याच्या शेतात राबणारा सालदार त्या यादीबाहेर असे.

परंतु जलंबचे नाव नकाशावर ठळक झाले ते या राजकारणामुळे नव्हे, तर कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि विलायतेच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. खामगावचा कापूसबाजार हिंदुस्थानातल्या अव्वल बाजारांत गणला जाऊ लागला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आपला लोहमार्ग नागपूरपर्यंत नेला. पण तो पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून गेल्यामुळे खामगाव बाजूस राहिले. पहिल्या प्रतीचा बाजार एकीकडे आणि लोहमार्ग दुसरीकडे, ही विसंगती व्यापाऱ्यांना आणि सरकारला दोघांनाही परवडण्यासारखी नव्हती. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा सरकारी खर्चाने टाकण्यात आला, आणि १८७० च्या मार्च महिन्यात प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने येऊन त्याचे उद्घाटन केले. आठ मैलांच्या लोहमार्गासाठी हिंदुस्थानच्या सर्वाधिकाऱ्याने वऱ्हाडच्या उन्हात यावे, यावरून त्या कापसाची किंमत कळते.

त्या दिवसापासून खामगावच्या जिनांत सरकी काढून आणि प्रेसमध्ये दाबून बांधलेल्या गाठी जलंबला येऊन मुख्य मार्गाला लागू लागल्या. खामगावची गाडी मुख्य मार्गावरच्या गाडीला मिळते आणि प्रवाशांची अदलाबदल करून परत फिरते, हा क्रम अद्यापही चालू आहे. बाजार खामगावचा, देवस्थान शेगावचे, तहसील दुसरीकडेच. जलंबच्या वाट्याला आला तो केवळ सांधा. गजानन महाराजांच्या समाधीमुळे शेगाव हे महाराष्ट्रभर पोहोचलेले नाव असताना मतदारसंघाला मात्र शेजारच्या जलंबचे नाव लाभले, याचे नवल अनेकांना वाटत आले आहे. माझ्या मते जो मुलूख कोणत्याही एका शहराच्या पदराखाली येत नाही, पण ज्याची रेल्वे सर्वांच्या ओळखीची आहे, त्याला जंक्शनचे नाव देणे हा एक प्रकारचा समतोलच होता. शेगावकरांना आणि खामगावकरांना एकमेकांविषयी जे काही वाटत असेल ते वाटो, जलंबविषयी मत्सर वाटण्याचे कोणालाच कारण नव्हते.

जिल्ह्याचा आजचा आकारही असाच सांधलेला आहे. एकोणिसाव्या शतकात बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर आणि मलकापूर हे तीनच तालुके होते. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले, तेव्हा अकोल्याकडचे खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके बुलढाण्याला जोडले गेले. घाटाखालच्या लोकांना कलेक्टर कचेरीसाठी घाट चढून बुलढाण्याच्या थंड हवेत जावे लागते, हे गाऱ्हाणे तेव्हापासूनचे. आणि स्वतंत्र खामगाव जिल्हा व्हावा, या आजही अधूनमधून उठणाऱ्या मागणीचे बीज त्यातच आहे.

स्वातंत्र्यानंतर सार्वत्रिक मताधिकार आला आणि सालदाराचे नाव मालकाच्या नावाच्या जोडीने यादीत चढले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने शिक्का न मारता आपली पत्रिका आडोशाला ठेवलेल्या हव्या त्या पेटीत टाकावयाची असे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बैलजोडी कळत होती. त्या निवडणुकीत बुलढाण्याच्या मतदारांनी मध्यप्रदेशाच्या विधानसभेवर आपले प्रतिनिधी पाठविले, कारण जुना मध्यप्रांत-वऱ्हाड १९५० मध्ये मध्यप्रदेश झाला होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या त्या सभागृहात २३२ जागा होत्या आणि वऱ्हाडी, नागपुरी, छत्तीसगढी अशा नाना बोली बोलणारे सभासद एका छपराखाली बसत. लोकसभेसाठी बुलढाणा व अकोला मिळून एकच द्विसदस्य मतदारसंघ होता. त्यातून गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मण भटकर हे दोघे एकाच वेळी निवडून गेले.

पुढची निवडणूक आली तोवर राज्यच पालटले होते. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूस ठेवून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात घालण्यात आले. १९५७ मध्ये घाटाखालच्या मतदाराने मत दिले ते मुंबईच्या ३९६ सभासदांच्या विधानसभेसाठी, ज्या सभागृहात त्याच्या आमदाराच्या शेजारी सौराष्ट्राचा किंवा कच्छचा आमदार बसत असे. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली असता विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात येथील जागांच्या बळावर यशवंतराव चव्हाणांचे सरकार तरले, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या इतिहासकारांनी काहीशी नाखुषीनेच लिहिली आहे. मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६२ मध्ये त्याच मतदाराने २६४ जागांच्या तिसऱ्याच सभागृहासाठी मत दिले. त्या सुमारास पेट्यांची जुनी रीत जाऊन एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत आली. अवघ्या दहा वर्षांत तीन निवडणुका आणि तीन राज्ये. घर तेच, शेत तेच, सात-बाराही बहुधा त्याच नावाचा. जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडचे बऱ्हाणपूर १९०३ पासून एकाच प्रांतातले होते, ते १९५६ नंतर परराज्य झाले आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाला राज्याची सीमा ओलांडावी लागू लागली.

आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, मतदारसंघांची फेरआखणी होऊन विधानसभेच्या जागा २८८ झाल्या, आणि त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो नकाशा गोठविला. त्यामुळे १९७८ ते २००४ पर्यंतच्या सात विधानसभा निवडणुका एकाच आखणीवर झाल्या. बुलढाणा जिल्ह्याला या नकाशात मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव आणि जलंब असे सात मतदारसंघ मिळाले. जलंबचे प्रतिनिधित्व या काळात भारतीय जनता पक्षाच्या कृष्णराव इंगळे यांनी केले आणि २००४ मध्ये त्याच पक्षाचे डॉ. संजय कुटे निवडून आले. एरवी घाटाखालचे मोठे राजकारण खामगावभोवती फिरत असे, जेथून भाऊसाहेब फुंडकर प्रथम विधानसभेत गेले आणि पुढे अकोल्याचे खासदार झाले. लोकसभेची तऱ्हा निराळीच होती: १९७७ पासून २००४ पर्यंत बुलढाण्याची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव राहिली आणि तिच्यावर बाळकृष्ण वासनिक, त्यांचे पुत्र मुकुल वासनिक, मुंबईचे आनंदराव अडसूळ असे जिल्ह्याबाहेरून आलेले पुढारी निवडून जात राहिले. मुकुल वासनिक १९८४ मध्ये निवडून आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. अशा स्थितीत ओळखीचा आणि हाकेच्या अंतरावरचा लोकप्रतिनिधी म्हणजे आमदारच, आणि म्हणून विधानसभेचा मतदारसंघ लोकांना अधिक आपला वाटे.

या मतदारसंघाने निवडणुकीमागून निवडणुकीत काय मागितले, असे विचारल्यास एका शब्दात उत्तर देता येते: पाणी. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे. पिण्यासही नको आणि पिकासही नको. भारी काळी जमीन त्या पाण्याने भिजविली तर तिचे दगडासारखे ढेकूळ होते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या भागातील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्तमानपत्रांतून आणि विधानसभेतूनही झालेली आहे. वान धरणावरून एकशे चाळीस गावांना नळाने पाणी पोहोचविण्याची योजना याच दुःखातून जन्मली, आणि नांदुरा तालुक्यात पूर्णेवर बांधावयाचा जिगाव प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून प्रत्येक जाहीरनाम्यात पाण्याआधीच वाहत आला. ज्या मुलखात नदी गावाशेजारून वाहते आणि घोटभर पाण्यासाठी दुसऱ्या नदीकडे पाहावे लागते, तेथे पक्ष कोणता हे दुय्यम ठरते.

याच पट्ट्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात तेथे घट मांडतात. वर्तुळात गहू, ज्वारी, तूर, उडीद, सरकी, जवस, मसूर अशी अठरा धान्ये. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, पुरी, करंजी, सांडोई, कुरडई. आणि राजाच्या जागी पानाचा विडा, त्यावर सुपारी. रात्रभर तेथे कोणी जात नाही. पहाटे वाघ घराण्यातील पुरुष कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले, विडा जागेवर आहे की सरकला हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला परजिल्ह्यांतून शेतकरी आलेले असतात. मी त्याच्या खरेखोटेपणात शिरत नाही. पण विडा आणि सरकी एकाच घटात मांडणाऱ्या लोकांना राज्य आणि पीक यांचा संबंध राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे राजाविषयीचे भाकीत सांगण्यात आले नाही. निर्वाचन आयोगाची हुकमत विड्यापर्यंत पोहोचली, ती अशी.

१९७६ चा गोठलेला नकाशा अखेर बदलण्यासाठी २००२ च्या परिसीमन कायद्यान्वये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग बसला. त्याने २००१ च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवले, खासदार-आमदारांना सहयोगी सभासद म्हणून बोलाविले पण मताचा अधिकार दिला नाही, मसुदे प्रसिद्ध केले, हरकती ऐकल्या. संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे अशा आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद लागत नाही, म्हणून जे काही बोलावयाचे ते तेवढ्याच काळात बोलून घ्यावे लागते. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, प्रशासकीय सीमा शक्यतो मोडू नयेत आणि दळणवळण सोयीचे असावे, ही त्याची सूत्रे. त्यानुसार महाराष्ट्राची नवी आखणी तहसील आणि त्याखालील महसूल मंडळ यांच्या विटांनी रचली गेली. २००८ च्या फेब्रुवारीत ती अमलात आली आणि २००९ मध्ये तिच्यावर पहिली निवडणूक झाली.

जिल्ह्याच्या जागा सातच राहिल्या. जलंबच्या जागी सत्ताविसाव्या क्रमांकाचा जळगाव जामोद मतदारसंघ आला. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके त्यात गेले, आणि शेगाव तालुका दुभंगून काही भाग जळगाव जामोदला तर काही खामगावला जोडला गेला. मेहकरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि बुलढाणा लोकसभेची जागा खुली. मलकापूर लोकसभेपुरते रावेरला, म्हणजे खानदेशाला जोडले गेले. आता जिल्ह्यातील सातही मतदारसंघांच्या नावांमागे एकेक तहसील कचेरी उभी आहे. रेल्वेच्या सांध्याने दिलेले नाव गेले आणि कचेरीने दिलेले आले. मोगलांपासून चालत आलेली महसुली मोजणी अखेर लोकशाहीच्या मोजणीवर वरचढ ठरली. आयोगाच्या दृष्टीने ही सोय आहे, आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. शेगाव तालुक्याला मात्र ती तशी वाटत नाही, कारण पंचायत समिती एक, तहसीलदार एक, पोलीस ठाणीही तीच, आणि आमदार दोन. रस्त्याची मागणी घेऊन जाताना रस्त्याचा कोणता मैल कोणत्या आमदाराचा, हे आधी पाहावे लागते.

डॉ. कुटे २००९ मध्ये जळगाव जामोदमधून निवडून आले आणि त्यानंतरही तेथून येत राहिले; २०१९ मध्ये काही महिने ते राज्याचे कामगारमंत्रीही होते. म्हणजे मतदारसंघ विसर्जित झाला तरी त्याचा शेवटचा आमदार सभागृहातून गेला नाही, केवळ त्याच्या नावापुढचे गाव बदलले. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जागांच्या संख्येवरील बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतचे आहे. तेव्हा घाटाखालची गावे पुन्हा मोजली जातील, महसूल मंडळांच्या याद्या पुन्हा टेबलावर येतील, आणि दुभंगलेल्या शेगाव तालुक्याला आपले म्हणणे मांडण्यास हरकतींची तेवढीच मुदत मिळेल.